कातकरी वाडी (पनवेल तालुका)

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात गावठाणाबाहेर, माळावर, ओढ्याकाठी किंवा जंगलाच्या कडेला असणारी कातकरी (काथोडी) जमातीची वस्ती. माथेरानच्या उतारावर ठाकरांच्या वाड्या आहेत; पण ठाकर नाचणी-वरी पिकवणारे, तर कातकऱ्यांकडे स्वतःची शेती फारशी कधी नव्हतीच. त्यांच्या वस्तीचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

जमातीचा जुना धंदा खैरापासून कात काढण्याचा. खैर तोडून वरचे पांढरे लाकूड काढून टाकायचे, आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, रस आटवून घट्ट झाला की त्याच्या वड्या पाडायच्या. त्यासाठी जंगलातच मुक्काम पडे आणि खैर संपला की तो हले. १८७८च्या वन कायद्याने जंगल राखीव होऊ लागले आणि हा धंदा बसला. कातकरी कोळसाभट्टीवर, लाकूडतोडीवर आणि शेतमजुरीवर आले. मजूर हाताशी हवा म्हणून जमीनमालकांनी आपल्याच माळावर त्यांना झोपड्या घालू दिल्या. कागद कोणी केला नाही, कोणी मागितलाही नाही.

जंगलाची ही कोंडी साऱ्या परिसराला जाचत होती. २५ सप्टेंबर १९३० रोजी शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यातील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होते. स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत कातकरी माणूस नावानिशी भेटतो, अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

वाडीतले जुने घर म्हणजे कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण. तंटे मिटवायला आणि लग्न जुळवायला वाडीचा नाईक असे. पावसाळ्यात खेकडे, मासे, रानभाज्या. भातकापणीनंतर बांधावरची उंदरांची बिळे खणायची. बिळात धूर सोडला की उंदीर हाती लागतो, शिवाय त्याने साठवलेल्या भाताच्या लोंब्याही मिळतात. बाहेरचे लोक यावरून नाके मुरडतात. लोंब्यांचा हिशेब मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही. देवांत वाघदेव, सणांत मोठी होळी.

दिवाळीनंतर वाड्या ओस पडतात. पावसाळ्यातल्या अडीअडचणीला घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको जोडीने वीटभट्टीवर जातात. मुलेही सोबत जातात आणि शाळा सुटते. वेठबिगार १९७६च्या कायद्याने संपली, उचल संपलेली नाही. तालुक्यात तारा येथील युसुफ मेहेरअली सेंटरने शिक्षण व आरोग्याचे काम केले आहे. सरकारी योजना पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत येतात. महाराष्ट्रातील तीन अतिमागास आदिवासी जमातींत कोलाम व माडिया गोंड यांच्यासोबत कातकरी मोडतात.

१९७०नंतर नवी मुंबई उभी राहिली, पुढे विमानतळ आला, आणि ज्या माळाला कोणी विचारत नव्हते त्याचा भाव चढला. फार्महाऊस आणि इमारतींसाठी जमिनी विकल्या गेल्या; नव्या मालकाच्या लेखी वाडी हे अतिक्रमण. वन हक्क कायद्याचा (२००६) आधार वनजमिनीपुरता. खासगी जागेवरच्या वाडीला तो लागू पडत नाही. तिच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम १२२ आहे. त्यान्वये जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात. नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत पक्क्या घरासाठी २ लाख रुपये मिळतात. ते बांधायला पायाखालची जागा मात्र आधी नावावर असावी लागते, किंवा मालकाची संमती तरी.