जिऱ्याचा वास

ग्रीक भाषेत पाककृतींच्या पुस्तकाला आजही ‘त्सेलेमेंतेस’ म्हणतात. निकोलाओस त्सेलेमेंतेस (1878–1958) हा सिफ्नोस बेटाशी नाते असलेला आचारी. ग्रीक स्वयंपाकातील तुर्की छटा पुसून त्याला युरोपीय वळण द्यावे, हा त्याचा ध्यास. मुसाकावरचा बेशामेल सॉसचा थर त्याच्यामुळेच रूढ झाला.

त्याच काळात इतिहासाचे फासे उलटे पडले. सप्टेंबर 1922मध्ये स्मिर्ना (आजचे इझमीर) जळाले. जानेवारी 1923मध्ये लोझान येथे लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. निकष भाषेचा नव्हता, धर्माचा होता. सुमारे 12 लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती अनातोलिया आणि पूर्व थ्रेसमधून ग्रीसमध्ये आले. त्यांतल्या अनेकांची घरची भाषा तुर्की होती. स्थानिकांनी त्यांना ‘तुर्कांचे बी’ म्हणून हिणवले.

या निर्वासितांच्या चुलीवर जिरे-लसूण घातलेले खिम्याचे लांबट गोळे टोमॅटोच्या रश्श्यात शिजत. त्यांना ‘सुत्झुकाक्या स्मिर्नेइका’ म्हणतात. आज हे अस्सल ग्रीक घरगुती जेवण मानले जाते.

अनुवाद करताना हे नाव मला अडवते. ‘स्मिर्नाचे कोफ्ते’ म्हटले तर मराठी वाचकाला चटकन कळेल. ‘कोफ्ता’ आपल्याकडे फारसीतून आला, ग्रीक ‘केफ्तेस’ही त्याच मुळाचा. पण मग ‘सुजुक’ हा मसालेदार सॉसेजसाठीचा तुर्की शब्द हरवतो. म्हणून मी मूळ नावच ठेवते: अर्धे तुर्की, अर्धे जळालेल्या शहराचे.