गुर्लहोसूरचे अण्णासाहेब आणि नारायणरावांची नऊवारी

1960च्या दशकात जगभरची पोरं बीटल्ससारखे केस कपाळावर ओढून हिंडू लागली. गवयाची नक्कल करण्याचं हे वेड मराठी मुलखात त्याआधी अर्धशतक येऊन गेलं होतं, आणि त्याचा उगम बेळगाव जिल्ह्यात सापडतो.

अण्णासाहेब किर्लोस्कर तिथल्या गुर्लहोसूरचे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात त्यांचं 'शाकुंतल' रंगलं आणि गाणाऱ्या नटाला भाव आला. बायकांची कामं पुरुषच करत. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर प्रेक्षक लट्टू होते.

पुढे किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, आले. 1905 साली मिरजेत ते शकुंतला म्हणून उभे राहिले. मग उलटंच घडलं! घरंदाज बायका या पुरुषाकडे पाहून नऊवारी चोपून नेसू लागल्या. गजरा कसा माळायचा, तेही बालगंधर्वांकडूनच शिकल्या. भरजरी शालू आणि उंची अत्तरं यांपायी त्यांची स्वतःची कंपनी मात्र कर्जात रुतली. हौसेला हिशेब नव्हता, हेच खरं.

2011च्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भावे ती नऊवारी नेसले. रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.