बोलणारा हातमोजा

मोबाइलवर तुम्ही पाहिलं असेल. एक मुलगी हातमोजे घालून खुणा करते आणि शेजारचं यंत्र बोलू लागतं. बघून डोळ्यांत पाणी येतं. पण ही गोष्ट जुनी आहे.

1983 साली अमेरिकेत बेल लॅब्जच्या गॅरी ग्राइम्स यांना अशा हातमोज्याचं पेटंट मिळालं. बोटांच्या ठेवणीवरून मोजा इंग्रजी अक्षर ओळखायचा. 2001 मध्ये कोलोरॅडोतल्या रायन पॅटरसन या शाळकरी मुलाने गोल्फच्या चामडी मोज्याला सेन्सर लावले. अक्षरं छोट्या पडद्यावर उमटू लागली. त्याला मोठी बक्षिसं मिळाली. पण एकेक अक्षर जुळवून कोण बोलतं? आपण पाणी मागताना 'प' ला काना 'पा' म्हणत बसतो का?

2016 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी आख्खे शब्द बोलणारे मोजे केले. दहा हजार डॉलरचं बक्षीस, सगळीकडे कौतुक. तेव्हा त्याच विद्यापीठातल्या खुणांची भाषा शिकवणाऱ्यांनी आणि भाषातज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं. ही भाषा नुसत्या हातात नसते, चेहऱ्यावरही असते, असं त्यांचं म्हणणं. आपण 'तू जेवलीस' आणि 'तू जेवलीस?' यातला फरक आवाजाने करतो, अमेरिकन खुणांत तो भुवया उंचावून होतो. मोज्याला भुवया कुठून दिसणार? 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मोज्याच्या जोडीला चेहऱ्यावरही सेन्सर चिकटवले. म्हणजे सगळं ओझं पुन्हा तिच्याच अंगावर, ऐकणाऱ्याने काहीच शिकायचं नाही. शिवाय तिचं आपल्याला कळलं, तरी आपलं तिला कसं कळणार?

हेही नवं नाही. 1880 साली इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांची परिषद भरली. जवळजवळ सगळे ऐकू येणारेच. त्यांनी ठराव केला की कर्णबधिर मुलांना तोंडी बोलूनच शिकवायचं, खुणा नकोत. कितीतरी देशांतल्या शाळांनी तो पुढे अनेक वर्षं पाळला.

आपल्याकडच्या खुणा वेगळ्या आहेत. इंग्रजी अक्षरं अमेरिकेत एका हाताने दाखवतात, आपल्याकडे दोन्ही हातांनी. दिल्लीच्या सरकारी केंद्राने 2018 मध्ये भारतीय खुणांचा तीन हजार शब्दांचा कोश काढला.

आमच्या एका गटात एक ताई कर्णबधिर आहे. बरेच दिवस आम्ही तिच्या नणंदेलाच विचारायचो, "हिचं काय म्हणणं?" आता बचत, हप्ता, कर्ज आणि 'मला मान्य नाही' या खुणा आम्ही तिच्याकडूनच शिकलोय. गेल्या बैठकीत तिने शेवटची खूण केली. नणंदेच्या कर्जाचा विषय पुढच्या महिन्यावर गेला.