दाढीचा ब्रश आणि काळपुळी

गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात लाकडी मुठीचा एक जुनाट ब्रश घेतला. म्हटलं, आता फोमचा डबा बंद, वाटीत मस्त फेस काढायचा! पण त्याआधी थोडं वाचलं आणि हात थांबला...

पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून सैनिकांना गुळगुळीत दाढी करावी लागे. ब्रशची मागणी वाढली. उत्तम ब्रश बॅजरच्या केसांचा. ते पाणी धरून ठेवतात, म्हणून फेस दाट होतो. युद्धामुळे हे केस मिळेनात. मग घोड्याचे केस बॅजरसारखे रंगवून ब्रश बनू लागले. आशियातून आलेले हे केस नीट निर्जंतुक केलेलेच नसत. काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, बीजाणू नुसत्या धुण्याने मरत नाहीत. वस्तऱ्याचा बारीकसा काप त्यांना पुरे! अमेरिका-ब्रिटनमध्ये दोनशेहून जास्त लोकांना लागण झाली, कित्येक दगावले. पेनिसिलिनचा शोध लागायला १९२८ उजाडायचं होतं.

वायूपासून वाचायला दाढी केली आणि घात केला तो ब्रशने.

माझ्या ब्रशचे केस कुठले, किती जुने, विक्रेत्यालाही ठाऊक नव्हतं. धोका नगण्यच असेल, पण ब्रश आता शोकेसमध्ये. फेस काढायला नायलॉनचा आणलाय. फेस जरा पातळच येतो... असो!