इंजिनाची पुनर्बांधणी : मोजमापांची तपासणी आणि सुट्या भागांची जुळणी

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन स्थापन केले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे त्याची धुरा सोपविली. हाताचे कसब आणि शास्त्र यांची सांगड घालणारे तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून मिळावे, हा त्यामागील हेतू होता. दादासाहेब फाळके या संस्थेचे विद्यार्थी होत. पुढे कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले. जानेवारी २०२३ मध्ये याच शहरातील लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा मोटारी, तसेच गोव्यापासून गुजरातपर्यंत अनेक घरांत जपलेल्या पद्मिनी, अँबेसेडर आणि मारुती ८००, आज चालू राहतात त्या इंजिनाच्या काटेकोर पुनर्बांधणीमुळे. या कामात खर्च वाया जातो तो बहुधा मापातील चुकीमुळे.

मोजण्यापूर्वी

इंजिन उघडताना कनेक्टिंग रॉड आणि मेन बेअरिंग यांच्या कॅपांवर क्रमांक व दिशा यांची खूण करणे अनिवार्य आहे. कॅप बसवूनच त्यांची छिद्रे तासलेली असतात. त्यामुळे एका रॉडची कॅप दुसऱ्यास लावल्यास छिद्र गोल राहत नाही. त्यानंतर प्रत्येक भाग पूर्ण स्वच्छ करावा. काजळीचा पातळ थरही मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या मापात फरक पाडतो.

मापाचे एककही आधी ठरवावे. अँबेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन मूळ ब्रिटिश आराखड्याचे असल्याने त्याची मापे इंचात आहेत, तर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा बोअर ६८ व स्ट्रोक ७५ मिलिमीटर आहे. इंचाचे २० हजारांश म्हणजे ०.५०८ मिलिमीटर. ते ०.५० धरले, तर ०.००८ मिलिमीटरचा फरक तेथेच पडतो.

सिलिंडर

सिलिंडर वरच्या, मधल्या व खालच्या अशा तीन खोलींवर आणि प्रत्येक खोलीवर दोन दिशांनी, म्हणजे क्रँकशाफ्टच्या रेषेत व तिच्याशी काटकोनात, बोअर गेजने मोजावा. या सहा मापांवरून उतार आणि लंबगोलपणा दोन्ही कळतात. झीज सर्वाधिक असते ती वरच्या रिंगच्या पट्ट्यात, पिस्टनचा दाब पडणाऱ्या बाजूस.

मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनाचा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर असून त्यासाठी ०.२५ आणि ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन मिळतात. समजा, सर्वाधिक माप ६८.६२ भरले. ०.२५ चा पिस्टन पुरेल, असे प्रथमदर्शनी वाटते. मात्र बोअरचा मध्यबिंदू मूळ जागीच राखायचा असल्याने प्रत्येक बाजूस केवळ ०.१२५ मिलिमीटर धातू निघतो. झीज एकाच बाजूची असेल, तर त्या बाजूस तासण्यास जेमतेम ०.००५ मिलिमीटर उरते आणि जुनी चीर तशीच राहू शकते. अशा वेळी ०.५० चाच पिस्टन योग्य ठरतो.

यासाठी पिस्टन आधी हाती यावेत, बोअरिंग नंतर व्हावे. पिस्टन जाणीवपूर्वक किंचित लंबगोल घडविलेला असतो. म्हणून तो गजन पिनशी काटकोनात, स्कर्टवर, उत्पादकाने दिलेल्या उंचीवर मोजावा. प्रत्येक सिलिंडर त्याच्या स्वतःच्या पिस्टनला जुळवून होन करावा.

तापमान

लांबीच्या मापाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, तर बडोद्यातील मे महिन्याच्या दुपारी पारा ४० च्या पुढे जातो. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे ६८ मिलिमीटरचा पिस्टन २० अंशांच्या वाढीने सुमारे ०.०३१ मिलिमीटरने वाढतो, तर बिडाचा बोअर सुमारे ०.०१५ ने. फट ०.०४ मिलिमीटर ठेवायची असेल, तर हा ०.०१६ चा फरक क्षुल्लक नाही.

यंत्रावर नुकताच तासलेला गरम ब्लॉक लगेच मोजण्यात याहून मोठा धोका आहे. तो पिस्टनपेक्षा ३० अंशांनी अधिक तापलेला असल्यास बोअर सुमारे ०.०२२ मिलिमीटरने मोठा दिसतो. ब्लॉक निवला की ०.०४ ची फट निम्म्यावर येते आणि पहिल्याच घाटात पिस्टन धरू शकतो. ब्लॉक, पिस्टन व मोजमापाची उपकरणे रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे.

रिंग, क्रँक आणि हेड

रिंग बोअरमध्ये ठेवून पिस्टनच्या माथ्याने खाली सरकवावी, म्हणजे ती सरळ बसते. तिच्या टोकांमधील फट फिलर गेजने मोजावी. बोअरच्या ०.३ ते ०.४ टक्के, म्हणजे ६८ मिलिमीटरसाठी ०.२० ते ०.२७ मिलिमीटर, हा सर्वसाधारण अंदाज आहे. अंतिम आकडा मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेतीलच घ्यावा. फट अपुरी असल्यास तापलेली टोके एकमेकांस भिडून रिंग तुटते व सिलिंडर ओरखडते.

क्रँकशाफ्टचा प्रत्येक जर्नल दोन जागी व दोन दिशांनी मोजावा. ग्राइंडिंगनंतर शेल बेअरिंग बसवून, टॉर्क रेंचने कॅप आवळून, प्लास्टिगेजच्या धाग्याने फट पडताळावी. या चाचणीत जर्नल कोरडा असावा आणि क्रँक जराही फिरवू नये. ५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलसाठी ०.०४ ते ०.०५ मिलिमीटरच्या आसपासची फट सर्वसाधारण मानली जाते. ती फार वाढल्यास तेलाचा दाब टिकत नाही. क्रँकची पुढे-मागे होणारी हालचालही मोजावी. हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टी व फिलर गेजने लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासावा.

नोंद

प्रत्येक माप सिलिंडरच्या व जर्नलच्या क्रमांकासह कागदावर लिहून मालक व कारागीर दोघांनी जपावे. काम बिघडल्यास वाद शब्दांवर न राहता आकड्यांवर येतो, आणि प्रामाणिक कारागिराचे रक्षण होते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत नव्याने होन केलेला बोअर उघडा राहिल्यास लवकर गंजतो. त्यामुळे अंतिम माप घेताच त्यास तेल लावून झाकावे. ब्लॉक कितीही वेळा तासता येत नाही. ज्या इंजिनाचे नवे ब्लॉक आता बनत नाहीत, त्याच्या बाबतीत मापातील एक चूक म्हणजे आयुष्याची एक पायरी कायमची गमावणे होय.