हॉट कॉर्नरचा राजा कोण?

बेसबॉलवेड्या चार लोकांना एकत्र बसवा आणि विचारा, आजवरचा सर्वोत्तम शॉर्टस्टॉप कोण? थोडी कुरकुर होईल, पण होनस वॅग्नरवर गाडी येऊन थांबेल. कॅचर विचारलात तर जॉनी बेंच, एखादा जुना माणूस योगी बेराचं नाव घेईल. पण 'थर्ड बेसमन कोण?' असं विचारलंत, तर मात्र चहा मागवून ठेवा. तासाभराची निश्चिंती.

गंमत म्हणजे या वादाचा निकाल दर पिढीला बदललाय. खेळाडू तेच, त्यांचे आकडे तेच (रिटायर झालेल्या माणसाचे आकडे कुठे बदलणार?), तरी निकाल वेगळा! म्हणजे बदललं ते आपलं मोजमाप. मला या वादात रस आहे तो त्यामुळेच. दिवसभर कुठल्या ना कुठल्या मेट्रिकशी झटापट करणाऱ्या माणसाला तो असणारच म्हणा :-)

ज्यांनी बेसबॉल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅटरपासून थर्ड बेस ९० फूट. उजव्या हाताने खेळणारा बॅटर बॉल ताकदीने ओढतो तेव्हा तो सरळ या बाजूला येतो. प्रतिक्रियेला वेळ जेमतेम, म्हणून या जागेला 'हॉट कॉर्नर' म्हणतात. फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा असलेला एकनाथ सोलकर आठवा. फरक इतकाच की इथे बॉल अडवून काम संपत नाही, ते तिथून सुरू होतं. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, १२७ फुटांवर फर्स्ट बेस आहे आणि बॅटर तिकडे धावत सुटलाय. त्याच्या आधी बॉल तिथे पोचवायचा. तेव्हा डोळे, छाती आणि खांदा, तिन्ही मजबूत हवं. शिवाय बॅटिंगही चांगली हवी, कारण शॉर्टस्टॉपला बॅटिंगमध्ये मिळते तेवढी सूट या जागेला मिळत नाही. अर्धी जागा फील्डरची, अर्धी बॅटरची. वादाचं मूळ इथेच आहे.

आता १९६९ मध्ये चला. व्यावसायिक बेसबॉलला शंभर वर्षं झाली म्हणून सर्वकालीन संघ निवडला गेला. त्यात थर्ड बेसवर नाव आलं पाय ट्रेनर याचं. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा खेळाडू १९२० ते १९३७ या काळातला. बॅटिंग ॲव्हरेज ०.३२०. (हे आपल्या क्रिकेटचं ॲव्हरेज नव्हे बरं का. दहा प्रयत्नांत तीन हिट म्हणजे ०.३००, आणि तेवढं जमलं तरी माणूस उत्तम.) त्या काळात ०.३२० हा आकडा पाहिला की लोक हात जोडायचे.

पण ज्या वर्षी ट्रेनरला हा मान मिळाला, त्याच्या आदल्याच वर्षी एडी मॅथ्यूज नावाचा एक थर्ड बेसमन निवृत्त झाला होता. होमरन ५१२! ट्रेनरचे सगळ्या कारकिर्दीत मिळून ५८. मॅथ्यूज हा ब्रेव्ह्जकडून बॉस्टन, मिलवॉकी आणि अटलांटा या तिन्ही शहरांत खेळलेला एकमेव खेळाडू. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या १९५४ मधल्या पहिल्यावहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याचाच फोटो होता. तरीही तो नाही आणि ट्रेनर का? कारण मॅथ्यूजचं ॲव्हरेज ०.२७१. बस्स. ॲव्हरेजमध्ये 'वॉक' धरत नाहीत. म्हणजे पिचरच्या वाईट बॉलला बॅट न लावता, संयम दाखवून फुकट बेस मिळवला तर त्याची नोंद शून्य. आणि होमरन मारलात काय किंवा सुळकन एक बेस मिळवलात काय, दोन्ही एकच हिट. शिवाय १९२०-३० च्या दशकांत सगळेच ढीगभर हिट मारत होते हा मुद्दा वेगळाच. वर्षानुवर्षं एका अपुऱ्या आकड्याने माणसं मोजली, आणि मॅथ्यूज त्याखाली दबला.

(काळाचा फरक किती असतो बघा. त्याच्याही आधी एक फ्रँक बेकर होता, टोपणनाव 'होमरन' बेकर! १९११ ते १९१४ अशी सलग चार वर्षं अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक होमरन याचे. एका मोसमात जास्तीत जास्त किती? बारा.)

मग आला ब्रूक्स रॉबिन्सन. 'आला' म्हणजे होताच, बाल्टिमोर ओरिओल्सकडून १९५५ पासून, एकाच संघात २३ मोसम. १९६४ मध्ये लीगचा एमव्हीपीही झाला होता. पण सगळ्या अमेरिकेने त्याला पाहिला तो १९७० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, सिनसिनाटी रेड्सविरुद्ध. पहिला सामना, सहावी इनिंग, ली मे याने थर्ड बेसच्या रेषेलगत एक सणसणीत बॉल ठोकला. रॉबिन्सनने बॅकहँडने तो पकडला, पण त्या वेगात तो स्वतः रेषेच्या बाहेर गेला होता, पाठ फर्स्ट बेसकडे. तिथूनच वळत, न बघितल्यासारखा त्याने बॉल फेकला. कृत्रिम गवतावर एक टप्पा घेऊन तो फर्स्ट बेसवर पोचला. आउट! याचं फुटेज जरूर शोधून पाहा. मी किती वेळा पाहिलंय ते सांगत नाही.

पुढचे सामने हेच चालू. पाच सामन्यांत ॲव्हरेज ०.४२९, दोन होमरन, आणि रेड्सच्या तगड्या बॅटर्सचे हुकमी वाटणारे फटके हा पकडतोय. रेड्सचा मॅनेजर स्पार्की अँडरसन म्हणाला की आता हा माझ्या स्वप्नात यायला लागलाय, हातातली कागदाची प्लेट खाली पडली तर ती पण उचलून मला आउट करेल. सिरीजच्या सर्वोत्तम खेळाडूला गाडी बक्षीस होती. त्यावर रेड्सवाल्यांचा विनोद असा की याला गाडीच हवी होती तर आधी सांगायचं, आम्हीच वर्गणी काढली असती.

१९६० ते १९७५, सलग सोळा गोल्ड ग्लव्ह. थर्ड बेसवर याच्या जवळपास कुणी नाही. आणि माणूस इतका सरळ की बाल्टिमोरमध्ये लोकांनी आपल्या मुलांची नावं 'ब्रूक्स' ठेवली. २०२३ मध्ये तो गेला तेव्हा शहराला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. माझ्या टीममध्ये एक बाल्टिमोरचा गृहस्थ होता. एरवी बिल्ड तुटला तरी आवाज न चढवणारा. पण थर्ड बेसचा विषय निघाला आणि कुणी रॉबिन्सनखेरीज दुसरं नाव घेतलं, की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

दुसरं नाव अर्थातच माइक श्मिट. फिलाडेल्फिया फिलीज, १९७२ ते १९८९.

इथे एक योगायोग आहे. रॉबिन्सनचं कारकिर्दीतलं ॲव्हरेज ०.२६७. श्मिटचं? ०.२६७. हुबेहूब तेच! १९६९ च्या फूटपट्टीने मोजलं तर बॅटर म्हणून दोघे सारखे आणि फील्डिंगमध्ये रॉबिन्सन वर, विषय संपला. पण फूटपट्टी बदला. बॅटर किती वेळा बेसवर पोचला (वॉक धरून) ते बघा: रॉबिन्सन ०.३२२, श्मिट ०.३८०. होमरन: रॉबिन्सन २६८, श्मिट ५४८. रॉबिन्सन श्मिटपेक्षा जवळजवळ १७०० वेळा जास्त बॅटिंगला आला, तरीही! आठ मोसमांत नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होमरन श्मिटचे. तीनदा एमव्हीपी: १९८०, १९८१, १९८६. आणि तो फील्डिंगमध्ये कच्चा होता का? दहा गोल्ड ग्लव्ह! हळुवार बंट आला की धावत येऊन, उघड्या हाताने उचलून, त्याच पावलावर फेकायचा, ते त्याचंच काम.

हल्ली 'वॉर' नावाचा आकडा वापरतात. कल्पना साधी आहे. या माणसाच्या जागी सहज मिळणारा कुणी बदली खेळाडू उभा केला असता तर संघाने किती सामने कमी जिंकले असते? बेसबॉल-रेफरन्सच्या हिशोबात श्मिट सुमारे १०७. मॅथ्यूज ९६, रॉबिन्सन ७८. म्हणजे मॅथ्यूजचीही दबलेली मान सुटली. अर्थात वॉर म्हणजे वेदवाक्य नव्हे. जुन्या काळातल्या फील्डिंगचे आकडे त्यात बरेचसे अंदाजाने काढलेले आहेत. पण तोच हिशोब रॉबिन्सनला फील्डिंगचं श्रेय कुठल्याही जागेवरच्या कुठल्याही खेळाडूपेक्षा जास्त देतो, तेव्हा त्याच्यावर अन्याय झाला अशी ओरड करता येत नाही. पुरेपूर माप देऊनही श्मिट पुढेच राहतो.

माझं मत श्मिटला. पण मला तो आवडतो तो आकड्यांपलीकडच्या एका गोष्टीसाठी. १९७३ च्या पहिल्या पूर्ण मोसमात त्याचं ॲव्हरेज होतं ०.१९६, आणि १३६ वेळा स्ट्राइक आउट. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक हुर्यो उडवण्यात जगप्रसिद्ध. त्यांनी याला सोडला नाही, आणि पुढे तो मोठा झाल्यावरही सोडला नाही. कारण तो थंड दिसायचा. स्ट्राइक आउट होऊन शांतपणे चालत परत यायचा, बॅट आपटणं वगैरे भानगड नाही. लोकांना वाटायचं, याला काही वाटतच नाही. १९८५ मध्ये तो माँट्रियलच्या एका पत्रकाराशी बोलताना आपल्याच प्रेक्षकांना जमाव, झुंड असं काहीसं म्हणून गेला. आता घरी परतल्यावर काय होणार? श्मिट लांब केसांचा टोप आणि काळा गॉगल घालून मैदानात उतरला, जणू ओळखू येऊ नये म्हणून. सगळं स्टेडियम हसलं आणि टाळ्या पडल्या. बाल्टिमोरने रॉबिन्सनवर न मागता केलं ते प्रेम याला असं एका संध्याकाळपुरतं मिळवावं लागलं. १९८९ च्या मे महिन्यात निवृत्ती जाहीर करताना हाच थंड माणूस ओक्साबोक्शी रडला.

मध्ये १९८० आहे, आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज म्हणजे या वादाची प्रत्यक्ष सुनावणीच. एका बाजूला श्मिट, दुसऱ्या बाजूला कॅन्सस सिटी रॉयल्सचा जॉर्ज ब्रेट. दोघेही थर्ड बेसमन, दोघेही त्या वर्षीचे आपापल्या लीगचे एमव्हीपी. ब्रेटचं त्या मोसमातलं ॲव्हरेज ०.३९०! (तोच तो ब्रेट, ज्याचा १९८३ मधला होमरन बॅटला जास्त चीक लावला म्हणून आधी रद्द झाला आणि जो डोळे फिरवत अंपायरच्या अंगावर धावून गेला. नंतर निर्णय फिरला, होमरन कायम.) दोन-दोन बरोबरी, पाचवा सामना, नववी इनिंग, रॉयल्स ३-२ ने पुढे. श्मिट बॅटिंगला. बंट येईल या शंकेने ब्रेट थोडा पुढे सरकलेला. श्मिटने बॉल जोरात त्याच्याच दिशेने मारला, ब्रेटने झेप घेतली, बॉल ग्लव्हला लागून निसटला. तिथून दोन रन, सामना ४-३. दोन दिवसांनी फिलीजने सिरीज जिंकली. १८८३ साली स्थापन झालेल्या संघाचं हे पहिलं विजेतेपद. सिरीजचा एमव्हीपी श्मिट. ब्रेटनेही ०.३७५ मारले होते, पण तो एक बॉल...

बिल जेम्स हा बेसबॉलच्या आकडेशास्त्राचा आद्यपुरुष. कॅन्ससचा, रॉयल्सचा भक्त, एका कॅनिंग फॅक्टरीत रात्रपाळीचा वॉचमन असताना त्याने हे लिखाण सुरू केलं. त्याने क्रम लावला तेव्हा आपल्या लाडक्या ब्रेटला दुसरा ठेवला आणि पहिला श्मिट. स्वतःच्या भक्तीविरुद्ध जाणारा निकाल असला की मला तो जास्त पटतो.

बाकीचे भराभर. वेड बॉग्ज: ०.३२८, प्रत्येक सामन्याआधी चिकन खाणारा, पण ताकद कमी. चिपर जोन्स: दोन्ही हातांनी बॅटिंग, ४६८ होमरन, फील्डिंग ठीकठाक. एड्रियन बेल्ट्रे: ३१६६ हिट आणि देखणी फील्डिंग, २०२४ मध्ये हॉल ऑफ फेमला. त्याला दुसरा-तिसरा म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. ॲलेक्स रॉड्रिगेझ शॉर्टस्टॉपला जास्त खेळला, आणि उत्तेजक द्रव्यांचं प्रकरण आहेच. असो.

हे सगळं टेबल मांडून झाल्यावर एक ओळ उरते, ती भरताच येत नाही. रे डँड्रिज. जन्म १९१३, कृष्णवर्णीय, म्हणून ऐन भरातली वर्षं नीग्रो लीग्ज आणि मेक्सिकोत गेली. पाय इतके बाकदार की त्यांच्यामधून आगगाडी जाईल पण बॉल जाणार नाही, असं लोक म्हणायचे. २०२० मध्ये मेजर लीगने नीग्रो लीग्जना अधिकृत दर्जा दिला, २०२४ मध्ये ते आकडे मुख्य नोंदींत मिसळले. चांगलं झालं. पण ते मोसम छोटे, नोंदी तुटक, आणि मेक्सिकोतली वर्षं त्यात नाहीतच. डेटाच गहाळ असेल तर कुठलंही सूत्र काय करणार?

जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये दार उघडल्यावर न्यूयॉर्क जायंट्सने डँड्रिजला घेतलं, पण १९४९ मध्ये त्यांच्या खालच्या, मिनियापोलिसच्या संघात. १९५० मध्ये, सदतिशीला टेकलेला असताना, तो त्या लीगचा एमव्हीपी झाला. वरून बोलावणं आलं नाही. १९५१ च्या मे महिन्यात आलं, पण ते त्याच संघातल्या वीस वर्षांच्या एका पोराला, जो डँड्रिजकडून मिळालेल्या मदतीबद्दल नंतर आयुष्यभर बोलत राहिला. त्या पोराचं नाव विली मेज. डँड्रिज मिनियापोलिसलाच राहिला, आणि हॉल ऑफ फेममध्ये त्याची पाटी लागली १९८७ साली.