सोबतीण आत, दाराबाहेर नव्हे

मैत्रिणींनो, पहिल्या बाळंतपणाला दवाखान्यात जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. तो काही आजचा नाही. पूर्वी पुष्कळ बायका पुरुष डॉक्टरपुढे जातच नसत. म्हणून १८८६ साली मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथे डॉक्टरही बायकाच होत्या. इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची त्यांतल्याच.

घरी सुईण असे, पाठ चोळणारी आई असे. दवाखान्यानं जीव वाचवले खरे, पण आईला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. आमच्यातल्या कितीतरी जणींनी छताचा पंखा बघत एकटीनं कळा काढल्या!

२०१६ साली केंद्र सरकारनं सांगितलं, सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या खोलीत एक सोबतीण येऊ द्या. शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, कपडे स्वच्छ, संसर्गाचा आजार नको, आणि डॉक्टरांच्या कामात लुडबूड नको.

आत रक्तदाब बघतात, बाळाचे ठोके ऐकतात, पिशवीचं तोंड किती उघडलंय ते हातानं तपासतात. हात लावण्याआधी सांगा, असं म्हणायला लाजू नका. आठव्या महिन्याच्या तपासणीलाच सिस्टरना सोबतीचं विचारून ठेवा. आई की सासूबाई, हे मात्र घरीच ठरवा. दारात वाद नको!